घड्याळात मावलेले, घड्याळाबाहेर राहिलेले
(आरंभीचा रेडिओ आणि शिवाजी पेठ)

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेपासून मुंबईचे नभोवाणी केंद्र सरळ रेषेत सुमारे २९० किलोमीटरवर. मिरज-पुणे करत रेल्वेने जाणाऱ्याला हे अंतर पुष्कळच वाढते. रेडिओच्या लहरीला रूळ लागत नाहीत, पण तिच्या वाटेतही घाट आहेतच. मराठीत आरंभीच्या रेडिओबद्दल जे लिहिले गेले ते बहुतेक मुंबईत बसून, म्हणजे प्रक्षेपकाच्या पायथ्याशी बसून लिहिले गेले. तिथून पाहिले की खेळ, गाणे आणि करमणूक या तिन्ही गोष्टी एकाच दिवसात हातात हात घालून आल्यासारख्या वाटतात. २९० किलोमीटरवरून पाहिले की त्या एकत्र आल्याच नाहीत असे दिसते. आधी गाणे आले, मागून खेळ आला, आणि काही खेळ तर आलेच नाहीत. असे का झाले, याची कारणे शोधणे हा या विवेचनाचा विषय आहे.

काळाची मर्यादा आधी आखून घेऊ. आरंभ २३ जुलै १९२७, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबई केंद्र सुरू झाले तो दिवस. शेवट १९६३, सांगलीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले ते वर्ष. या छत्तीस वर्षांना शिवाजी पेठेच्या दृष्टीने दोन भागांत कापणारी तारीख एकच, ४ फेब्रुवारी १९३८. त्या दिवशी मुंबईहून लघुलहरींवरचे प्रसारण सुरू झाले.

लहरीची रात्र

मुंबईचा पहिला प्रक्षेपक दीड किलोवॅटचा आणि मध्यम लहरींवर चालणारा होता. चालवणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खासगी. अधिकृत भांडवल १५ लाखांचे, प्रत्यक्षात उभे राहिले ६ लाख. परवान्याची फी वर्षाला १० रुपये. १९२७ अखेर देशभरात साडेतीन हजारांच्या आसपास परवाने, १९२९ अखेर पावणेआठ हजारांच्या. एवढ्यावर कंपनी तगणे शक्य नव्हते. मार्च १९३० मध्ये ती बुडाली, सरकारने केंद्रे चालवायला घेतली आणि ८ जून १९३६ पासून या सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. पैशाची ही कथा अनेकांनी सांगितली आहे, म्हणून इथेच थांबतो. आपल्याला त्या दीड किलोवॅटशी काम आहे.

मध्यम लहर दोन वाटांनी जाते. एक जमिनीला धरून. या प्रक्षेपकाची ती वाट खात्रीने तीसेक मैल पोचे, म्हणजे कल्याणच्या थोडे पुढे. दुसरी वाट आभाळातून. वातावरणाच्या वर विद्युतभारित कणांचे थर असतात आणि त्यांतले वरचे थर लहरीला पुन्हा जमिनीकडे वळवतात. अडचण अशी की दिवसा उन्हामुळे या सर्वांच्या खाली आणखी एक थर तयार होतो, आणि तो मध्यम लहर शोषून टाकतो. सूर्य मावळला की हा खालचा थर विरतो, वरची वाट मोकळी होते, आणि दुपारी कल्याणपलीकडे न पोचणारा आवाज शेकडो किलोमीटरवर उतरतो. तोही एकसारखा नाही. थर हलतात तसा आवाज चढतो, उतरतो, मध्येच बुडतो. पावसाळ्यात वर विजेची खरखर. म्हणजे १९३८ पूर्वी शिवाजी पेठेत कोणी दोन बांबूंवर एरियल ताणून, अर्थिंगची तार ओल्या मातीत पुरून सेट लावला, तर मुंबई मिळण्याची आशा दिवेलागणीनंतरची, आणि त्यातही हिवाळ्याची.

या साध्या भौतिक गोष्टीतून एक सांस्कृतिक परिणाम निघतो आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. रात्रीच येणारा रेडिओ रात्रीच्याच गोष्टी आणतो. खेळ दिवसाचा असतो.

खेळ: कानाने काय दिसते

भारतात क्रिकेटचे पहिले धावते वर्णन १९३४ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावरून झाले. सामना चौरंगी स्पर्धेतला, मुस्लिम विरुद्ध पारशी. बोलणारे ए. एफ. एस. तल्यारखान, सगळ्यांचे बॉबी. दिवसभर एकटेच बोलायचे, जोडीदार चालायचा नाही. हा आवाज मुंबईत दुकानादुकानांत घुमला असेल. कोल्हापुरात त्याच क्षणी उन्हाचा थर तो गिळत होता. १९३७ मध्ये स्पर्धा पंचरंगी झाली, ब्रेबर्न स्टेडियम बांधून झाले, आणि पुढच्या वर्षी लघुलहरी आल्या. लघुलहरींची कंपनसंख्या जास्त असल्याने उन्हाचा खालचा थर त्यांना तितकासा अडवत नाही. म्हणून शिवाजी पेठेपुरते पाहिले, तर रेडिओवरचे क्रिकेट १९३४ चे नसून १९३८ नंतरचे आहे. जाता जाता एक विपरीत गोष्ट सांगायला हवी. लंडनहून डिसेंबर १९३२ पासून लघुलहरींवर साम्राज्यासाठीची सेवा सुरू झाली होती. सात हजारांहून अधिक किलोमीटरवरचे लंडन लघुलहरींच्या सेटवर लागू शकत होते, आणि २९० किलोमीटरवरची मुंबई दुपारी लागत नव्हती.

पण लहर पोचली म्हणजे खेळ पोचला असे नाही. खेळ ध्वनिरूप व्हायला आणखी तीन गोष्टी लागतात असे मला वाटते. त्याची जागा शब्दांत बांधता आली पाहिजे. त्याचा शेवट घड्याळाला आधी ठाऊक पाहिजे, निदान घड्याळाला त्यात शिरायला फट पाहिजे. आणि मैदानापासून केंद्रापर्यंत तार पाहिजे.

पहिल्या गोष्टीसाठी इंग्लंडचे उदाहरण बोलके आहे. २२ जानेवारी १९२७ रोजी बीबीसीने आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड या फुटबॉल सामन्याचे वर्णन केले, तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत मैदानाचा आठ चौकोनांचा नकाशा छापला होता. एक जण खेळ सांगे आणि दुसरा मधूनमधून चौकोनाचा आकडा पुकारे. म्हणजे फुटबॉलला कागदाची कुबडी लागली. क्रिकेटला ती लागली नाही, कारण त्याचा नकाशा त्याच्या भाषेतच आहे. स्लिप, पॉइंट, लाँग ऑन म्हटले की चेंडू कुठे गेला ते कळते. शिवाय प्रत्येक चेंडूनंतर थांबा आहे, आणि त्या थांब्यात धावसंख्या सांगता येते. इंग्रजी न येणाऱ्यालाही नाव आणि आकडा कळतो. डिसेंबर १९४३ च्या पंचरंगीत विजय हजारे यांनी ‘रेस्ट’ संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या, भाऊ विवेकबरोबर ३०० धावांची भागी केली आणि तीत विवेकच्या २१. असा डाव वर्णनाला किती सोयीचा, पाहा. एकच नाव, वाढत जाणारा एकच आकडा. आणि ते नाव सांगलीचे, कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवरचे.

आता कुस्ती. शब्दांचा प्रश्न असता तर कुस्तीने क्रिकेटला कधीच मागे टाकले असते. धोबीपछाड, कलाजंग, ढाक, घिस्सा, मोळी, एकचाक: प्रत्येक डावाला नाव आहे आणि त्या नावातच शरीराची हालचाल आहे. तालमीत वाढलेल्याला नुसते ‘ढाक’ म्हटले की पुढचा क्षण डोळ्यांसमोर येतो. मग आरंभीच्या रेडिओच्या दिवसात कुस्तीला क्रिकेटसारखी जागा का मिळाली नाही? ‘ती पाहायचीच गोष्ट आहे’ हे नेहमीचे उत्तर मला पटत नाही. मुष्टियुद्धही पाहायचीच गोष्ट आहे, आणि रेडिओवरच्या अगदी पहिल्या क्रीडाप्रसारणांत एप्रिल १९२१ ची पिट्सबर्गची मुष्टियुद्धाची लढत मोडते. फरक इतकाच की मुष्टियुद्धात तीन मिनिटांची फेरी आणि मिनिटभराची विश्रांती असते. जुन्या निकाली कुस्तीला फेरी नाही आणि वेळेची मर्यादा नाही. खडाखडी अर्धा तास चालेल, किंवा हाताला हात लागताच पाठ मातीला लागेल. पुढच्या कार्यक्रमाची वेळ छापून बसलेल्या केंद्राला दोन्ही शक्यता सारख्याच अवघड. अर्धा तास काही घडत नसताना बोलायचे काय, आणि दहा सेकंदांत निकाल लागला तर उरलेल्या वेळेत वाजवायचे काय? शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ चे. त्याची रचना डोळ्यांसाठी आहे, आखाडा खाली आणि चहूबाजूंनी उतरत येणारी बैठक. तिथे जमलेला माणूस निकालासाठी थांबायला आलेला असतो. रेडिओचे घड्याळ थांबायला तयार नसते.

कुस्ती आणि घड्याळ यांची गाठ पडली ती रेडिओमुळे नाही, ऑलिंपिकमुळे. राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला गेले आणि मातीऐवजी मॅट, निकालाऐवजी वेळ आणि गुण या हिशेबात सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी त्याच हिशेबात कांस्यपदक मिळवले. कोल्हापूरच्या मातीला घड्याळ मान्य करता येत नव्हते असे नाही, एवढे यावरून दिसते. फक्त गावाकडच्या मैदानाला त्याची गरज नव्हती.

फुटबॉल घड्याळात नेमका बसतो. आणि पेठेत फुटबॉल म्हणजे काय हे खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ ही नावे घेतली की वेगळे सांगावे लागत नाही. तालमीच्याच नावाने फुटबॉलचा संघ उतरावा हा कोल्हापूरचा प्रकार. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० मध्ये स्थापन झाली. मग हा खेळ का नाही आला? इथे तिसरी अट आडवी येते. मैदानावरचा माइक केंद्राला जोडायला चांगल्या प्रतीची टेलिफोन लाइन लागते. मुंबईत मैदान आणि केंद्र एकाच शहरात होते. कोल्हापूर १ मार्च १९४९ पर्यंत स्वतंत्र संस्थान, आणि केंद्र २९० किलोमीटरवर. ऐकायला लहर पुरते, ऐकवायला तार लागते. शिवाजी पेठ त्या काळात ऐकणारी होती. ऐकवण्याची सोय तिच्याकडे नव्हती. या असमानतेचा एक ठळक पुरावा क्रिकेटमध्येच आहे. कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. पुण्यात तेव्हा नभोवाणी केंद्रच नव्हते. ते २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झाले. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ धावा कमी असताना काठेवाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला, हा प्रसंग लोकांच्या तोंडी आहे तो छापील बातमीतून आणि सांगोवांगीतून.

संगीत: कोणत्या प्रहराचे

गाणे रात्रीचे असते, म्हणून ते आधी पोचले, एवढे म्हणून भागत नाही. कोणते गाणे पोचले, हेही पाहायला हवे. हिंदुस्थानी संगीतात रागाला प्रहर असतो आणि नभोवाणीने ही प्रथा बव्हंशी पाळली. आता ही प्रथा आणि उन्हाचा थर एकत्र ठेवा. फक्त मध्यम लहरींवर मुंबई ऐकणाऱ्या कोल्हापूरकराच्या वाट्याला यमन, बिहाग, बागेश्री, मालकंस येणार. तोडी, जौनपुरी, सारंग येणार नाहीत. निम्मे संगीत लहरीनेच गाळून टाकलेले. सर्वांत गमतीची अवस्था संधिप्रकाश रागांची. मारवा, पूरिया, श्री यांची वेळ म्हणजे नेमकी ती वेळ, जेव्हा खालचा थर विरत असतो आणि आवाज सर्वांत जास्त हेलकावे खातो.

त्यात घड्याळाचा आणखी एक पेच. केंद्राच्या वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार छापल्या जात. सूर्याच्या हिशेबाने कोल्हापूर या वेळेच्या ३३ मिनिटे मागे, आणि मुंबई ३९ मिनिटे. (मुंबई शहराने तर स्वतःची वेगळी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती.) कोल्हापुरात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या आरंभी सव्वासातच्या जवळपास. साडेसहाला ठरवलेला राग एका ऋतूत अंधारात पडतो, दुसऱ्या ऋतूत उन्हात. बैठकीतला गवई खिडकीबाहेर पाहून राग निवडतो. नभोवाणीला खिडकी नव्हती, तक्ता होता.

कोल्हापूरच्या कानाला हे विशेष जाणवण्याचे कारण आहे. गायन समाज देवल क्लब १८८३ पासूनचा. अल्लादियाखाँ १८९५ मध्ये दरबारगायक म्हणून इथे आले आणि शाहू महाराजांच्या निधनापर्यंतचा त्यांचा मोठा काळ या गावात गेला. त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित झालेला नाही. त्यांच्या परंपरेतले गाणे आवर्तन भरत जाणारे, पेचदार, अनवट रागांचे. तबकडीची तीन-साडेतीन मिनिटे आणि नभोवाणीचे नेमलेले तुकडे यांत अशा गाण्याचा जीव जातो असे सरसकट म्हटले जाते. मी इतके म्हणणार नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाली. तिच्यात काही उणे आहे असे ऐकणाऱ्याला वाटत नाही. तुकड्यात राग मावतो. मावत नाही ती बैठक: सूर लागेपर्यंतचा वेळ, मध्येच बदललेला बेत, समोरच्याची दाद.

दुसरी गाळणी माणसांनी लावली. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी आली. पट्ट्यांत बांधलेले स्वर श्रुती आणि मींड यांना मारतात, हा आक्षेप शास्त्रदृष्ट्या पोकळ नव्हता. पण ज्या गावात गोविंदराव टेंब्यांनी हीच पेटी गाती केली होती, त्या गावाला हा निर्णय दिल्लीचा वाटणे साहजिक. साथीला सारंगी आली आणि पेटी घरोघरच्या भजनात राहिली. ही बंदी पुढे तीन दशके टिकली, म्हणजे एका पिढीने रेडिओवरचे गाणे आणि घरातले गाणे यांचा नाद वेगवेगळा ऐकला.

सर्वांत चपखल बसले भावगीत. ते तीन मिनिटांचेच जन्मले होते. कोल्हापुरात जन्मलेले आणि वामनराव पाध्यांकडे शिकलेले सुधीर फडके यांनी हे माप ओळखले, आणि नंतर ते ओलांडलेही. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्रावरून प्रसारित झालेल्या गीतरामायणात ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते आली. प्रत्येक गीत आटोपशीर, पण पुढच्या आठवड्याची वाट पाहायला लावणारे. मोठी कथा छोट्या तुकड्यांत सांगायची आणि दोन तुकड्यांमधल्या सहा दिवसांनाही कथेत ओढायचे. मराठी नभोवाणीला घड्याळाशी जमवून घेण्याची याहून चांगली युक्ती सापडली नाही.

करमणूक: वन्समोअर नसलेली

तिसरा घटक म्हणजे विविध करमणूक: नाटुकली, पोवाडा, नकला, नाट्यगीते, संवाद. हे रेडिओने शोधले असे मानण्याची सवय आहे. मराठी मुलखात गणेशोत्सवातले मेळे हे काम आधीपासून करत होते. एकाच रात्री पद, संवाद, पोवाडा, चिमटे. शाहीर पिराजी सरनाईकांसारख्यांचे पोवाडे ऐकलेल्या कोल्हापूरकराला विविधता नवी नव्हती. नवीन होते ते दोन कार्यक्रमांमधले वाक्य. मेळ्यात एक पद संपून दुसरे सुरू होण्याच्या मध्ये गोंधळ असतो, टाळ्या असतात, कोणाची तरी चेष्टा असते. रेडिओवर तिथे निवेदक असतो. माझ्या मते आरंभीच्या रेडिओचा खरा शोध निवेदक हाच आहे. खेळाच्या धावसंख्येवरून बाजारभावावर आणि तिथून ठुमरीवर एका श्वासात जाणे ऐकणाऱ्याला विचित्र वाटू नये, ही त्याची कामगिरी.

त्याने मिळवले तेवढेच काढूनही घेतले. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाचा हक्क म्हणजे वन्समोअर. पॅलेस थिएटरात, म्हणजे आजच्या केशवराव भोसले नाट्यगृहात, एका पदाला पुन्हा पुन्हा वन्समोअर मिळून नाटक पहाटेपर्यंत लांबावे, यात कोणाला वावगे वाटत नसे. रेडिओने हा हक्क पहिल्याच दिवशी बंद केला. पुढे ‘आपली आवड’सारखे कार्यक्रम आले, ते मला उशिरा पोचणारे वन्समोअरच वाटतात. टाळी वाजवायची ती पोस्टकार्डावर, आणि पद पुन्हा ऐकायचे कित्येक दिवसांनी, अनोळखी गावांच्या नावांबरोबर आपले नाव ऐकत. एका प्रयोगाने मात्र ऐकणाऱ्याला बोलते केले. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये युनेस्कोच्या साह्याने पुणे केंद्राने कोल्हापूरसह पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे बसवली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. हे खेड्यांसाठी होते. पेठेत अशी मंडळे स्थापन करण्याची गरज नव्हती, कारण तालमीचा कट्टा आधीपासून होता.

सांगली आणि नंतर

स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आणि अठरा प्रक्षेपक आले. त्यांनी देशाचा अडीच टक्के भूभाग आणि अकरा टक्के लोक व्यापले होते. कोल्हापूर त्या अडीच टक्क्यांबाहेर. १९६३ मध्ये सांगली केंद्र सुरू झाल्यावर जमिनीला धरून येणारी लहर प्रथमच पेठेपर्यंत भरदुपारी, हेलकावे न खाता पोचली, आणि लहरीने लादलेला दिवस-रात्रीचा भेद संपला. त्याच सुमारास ट्रान्झिस्टर आल्याने एरियल आणि अर्थिंगची खटपटही सुटली. पुढे बाळ ज. पंडितांनी क्रिकेट मराठीतून सांगायला घेतले, तेव्हा नाव आणि आकडा यांच्या मधली वाक्येही पेठेला कळू लागली.

कुस्तीचे निवेदन मात्र रेडिओच्या वाटेने न जाता ध्वनिक्षेपकाच्या वाटेने वाढले. कोथळीच्या शंकर पुजारींसारख्या निवेदकांनी ते मैदानावरच घडवले, आणि त्याचा घाट क्रिकेटच्या वर्णनापेक्षा मुळातच वेगळा आहे. ऐकणारा समोर बसून पाहतोच आहे, म्हणून काय घडले हे सांगण्यात निवेदक वेळ घालवत नाही. तो पैलवानाचे गाव सांगतो, वस्ताद कोण ते सांगतो, बापाने कुठल्या मैदानात कोणाला चितपट केले होते ते सांगतो, इनामाची रक्कम आणि देणाऱ्याचे नाव पुकारतो. खडाखडी लांबली की त्याला अडचण होत नाही. त्याच वेळात तो मागच्या तीन पिढ्या सांगून घेतो. कुस्ती कधी संपणार हे त्यालाही ठाऊक नसते, आणि त्याच्यामागे पुढच्या कार्यक्रमाची वेळ लागलेली नसते.